बंद वाटेवर तारीख लिहा

पा द बेलकोंब नावाच्या कड्यावर एक लोखंडी फाटक आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर गाड्या लावायची जागा, माहितीचा फलक, आणि मग हे फाटक. फाटकापलीकडे पाचशेहून जास्त पायऱ्या कड्याच्या अंगाने खाली उतरतात. खाली थिजलेल्या काळ्या लाव्ह्याचं सुमारे आठ किलोमीटर रुंदीचं मैदान पसरलेलं आहे, आणि त्या मैदानात पितों द ला फुर्नेझ उभा आहे. फुर्नेझ म्हणजे भट्टी. जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींत त्याची गणना होते. आम्ही पोचलो त्या पहाटे फाटक उघडं होतं. डोंगर थरथरायला लागला की हेच फाटक लागतं, आणि धोका टळला की पुन्हा उघडतं. लागतं तेव्हा कुणी लावलं, का लावलं आणि कधीपासून, हे रियुनियन बेटावरच्या प्रत्येकाला कळतं. उघडतं तेव्हाही कळतं.

मी हा लेख लिहिते आहे तो त्या फाटकापायी. माझ्या सह्याद्रीत आज वाटा बंद करण्याचं जे चाललं आहे ते पाहून जीव तुटतो, आणि तेच काम दुसरीकडे नीट होताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी जुन्नरची. तीस वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना भूगोल शिकवला. हडसर, चावंड, शिवनेरी, जीवधन हे माझे घरचे डोंगर. फळ्यावर ‘रियुनियन हॉटस्पॉट’ हे शब्द मी किती वेळा लिहिले असतील, त्याची मोजदाद नाही. भारताचा नकाशा काढायचा, त्याच्या खाली हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला एक ठिपका द्यायचा आणि मुलांना सांगायचं : आपल्या पायाखालचा काळा पत्थर जिथून आला ती भट्टी आज तिथे आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताची भूमी त्या ठिपक्यावरून सरकत होती. पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या त्या उष्ण स्रोताने थरावर थर ओतले आणि दख्खनचं पठार झालं. मग भूमी उत्तरेला निघून गेली, भट्टी मागे राहिली. तिच्या वाटचालीच्या खुणा लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशा समुद्रातून गेल्या आहेत. पुढे मॉरिशस झालं आणि सगळ्यांत शेवटी हे बेट. बहुतेक भूशास्त्रज्ञ आज हेच मानतात. मुलं मान डोलवायची. मीही मनातल्या मनात मान डोलवायचे, कारण मी तरी ते कुठे पाहिलं होतं?

निवृत्तीनंतर ते जमलं. माझा भाचा मॉरिशसला नोकरीला आहे. तिथून हे बेट विमानाने तासाभराच्याही आत. नाव फ्रेंच आहे, बोलताना लोक ‘रेयुनियों’ म्हणतात. १९४६ पासून हा फ्रान्सचा जिल्हा आहे, युरोपपासून हजारो किलोमीटर दूर असूनही व्यवहार युरोत चालतो. आमच्या ऑगस्टात तिथे हिवाळा असतो आणि पाऊस कमी, म्हणून तेव्हाच गेलो. “मावशी, तुला चढवेल ना?” असं भाच्याने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी उत्तर दिलं नाही, सॅक भरायला घेतली.

बेटावर दोन मोठे डोंगर आहेत, एक निजलेला आणि एक जागा. निजलेला तो पितों दे नेज, हिमाचा सुळका. हिम क्वचितच पडतं, पण नाव तेच. उंची सुमारे ३,०७० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोनपटीहून जास्त. अख्ख्या हिंदी महासागरात एवढं उंच ठिकाण दुसरं नाही. हजारो वर्षांत तो पेटलेला नाही. पावसाने आणि दरडींनी त्याच्या अंगात तीन प्रचंड खळगे कोरले आहेत : सिलाओस, सालाझी आणि माफात. आपण कोकणकड्याच्या कडेला पालथं पडून खाली बघतो ना, तसे कडे तिन्ही बाजूंनी वळून एकमेकांना भिडले तर काय दिसेल, ते इथे दिसतं.

सिलाओसला जाणारा घाटरस्ता चारशेच्या आसपास वळणांचा आहे असं सांगतात. मी मोजली नाहीत, खिडकीबाहेर कातळ बघत बसले. तोच कातळ! थरांमधल्या लालसर रेघा, कड्यातून उभ्या घुसलेल्या दगडी भिंती, चेंडूसारखे सोलून निघणारे धोंडे, पोकळ्यांत भरलेली पांढरी खनिजं. चाळीस वर्षांत नाणेघाटाच्या वाटेवर हे सगळं पाहिलेलं. भाच्याला गाडी थांबवायला लावून मी एका भिंतीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. तो काही बोलला नाही, हे त्याचं शहाणपण.

पितों दे नेज दोन टप्प्यांत चढतात. पहिल्या दिवशी सुमारे १,४०० मीटरवरून सुरुवात करून काव्हर्न द्युफूर या मुक्कामाच्या ठिकाणापर्यंत. ते २,४८० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे एका दमात अकराशे मीटर चढ, बारी गावातून कळसूबाई गाठण्याहूनही जास्त. वाट दाट जंगलातून नागमोडी वर जाते. जिथे माती वाहून जायची भीती तिथे लाकडी ओंडके आडवे टाकून पायऱ्या केलेल्या, पाण्याला बाजूने काढून दिलेलं. ओंडका कुजला की बदललेला दिसतो : जुन्या काळपट लाकडांत एखादंच नवं, पिवळं. हे काम तिथल्या वनखात्याकडे आहे. मी त्या नव्या ओंडक्यांकडे डोंगराइतक्याच कौतुकाने बघत होते, कारण माझ्या भागात वाट धुपली की लोक शेजारून दुसरी पाडतात, ती धुपली की तिसरी, आणि चार पावसाळ्यांत सगळा उतार ओरबाडल्यासारखा होतो.

मुक्कामाची जागा आधी नोंदवावी लागते. रात्री भात, बीन्सची आमटी आणि टोमॅटो-मिरचीची झणझणीत कोशिंबीर. त्या रात्री डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीने की आणखी कशाने, मला सांगता यायचं नाही. पहाटे तीनला हेडटॉर्च लावून निघालो. पुढे-मागे दिव्यांची ओळ चढताना दिसत होती, बोलणं कुणाचंच नाही. शेवटच्या टप्प्यात झाडं संपतात आणि लाल-काळा घसारा सुरू होतो. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. थंडी शून्याच्या जवळपास. माथ्यावर पोचले तेव्हा पूर्वेला नुकतं फटफटत होतं. उजेड वाढला तसे तिन्ही खळगे एकेक करून पायाशी उघडले, आणि चारी दिशांना समुद्र. बेट म्हणजे काय हे मी तीस वर्षं शिकवलं, पण ते कळलं त्या सकाळी.

याच डोंगराने माणसं गिळली आहेत. १८७५ च्या नोव्हेंबरात याच्या कड्यांचा एक भाग सुटून सालाझीच्या खळग्यात आला आणि ग्राँ साब्ल नावाची वस्ती गाडली गेली; साठहून अधिक माणसं गेली. जुन्नरच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गेलं, दीडशेवर माणसांसह. दगड तोच, उतार तसाच, पाऊस तसाच. पावसात तर हे बेट जगाच्या पुढे आहे. ज्वालामुखीच्या कुशीतल्या फोक-फोक इथे जानेवारी १९६६ मध्ये एका चक्रीवादळात चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस झाला, तो अजूनही जागतिक विक्रम आहे. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर नोंदले गेले होते. त्याच्या जवळजवळ दुप्पट! म्हणून ‘त्यांच्याकडे डोंगर सोपे आहेत’ असं कुणी म्हणत असेल तर मला ते मान्य नाही. त्यांचे डोंगर आपल्याहून उंच आहेत, जास्त ढासळतात, आणि त्यातला एक तर आग ओकतो.

माफातबद्दल थोडंच सांगते. या खळग्यात मोटाररस्ताच नाही. तरी माणसं राहतात, शाळा आहेत. सामान हेलिकॉप्टरने येतं आणि बाकी सगळं पायी. फ्रेंचांच्या गुलामगिरीतून पळालेली माणसं या कड्यांच्या आड लपली, आणि डिसेंबर १८४८ मध्ये गुलामगिरी संपेपर्यंत त्यांच्या मागावर शिकारी हिंडत असत. माफात हे नावही अशाच एका पळालेल्या म्होरक्याचं असल्याचं सांगतात. आज त्याच वाड्यांमध्ये घरोघरी वाटसरूंची सोय होते. आम्ही ला नुव्हेल वाडीत एका बाईंच्या घरी उतरलो. त्यांचं मुख्य उत्पन्न वाटेवरून येणाऱ्यांचंच आहे, असं त्यांनी भाच्याला सांगितलं. त्या दिवशी बाजूची एक वाट बंद होती. फांदीला दोरीने बांधलेला फलक होता : कुठून कुठपर्यंत बंद, कशासाठी तर दरड सुटते म्हणून, आदेशाचा क्रमांक आणि तारीख. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, पलीकडच्या वाटेने जा, पाऊण तास जास्त लागेल. बस्स. कुणी कुरकुरलं नाही. आम्हीही पाऊण तास जास्त चाललो.

आता फाटकाकडे.

बेलकोंबच्या पायऱ्या उतरून खाली आलं की पहिली भेटते फोर्मिका लेओ, विटकरी रंगाची बुटकी टेकडी, १७५३ च्या उद्रेकात तयार झालेली. मुंग्या धरणाऱ्या एका किड्याच्या खळग्यासारखा आकार म्हणून हे नाव. तिच्या पुढे नुसता लाव्हा. दोन तऱ्हांचा. एक गुळगुळीत, दोरखंड पिळून अंथरल्यासारखा. तापल्या दुधावरची साय चमच्याने रेटली की जशा सुरकुत्या एकीवर एक चढतात, अगदी तशाच दगडाच्या सुरकुत्या. वरचा थर निवून कातडीसारखा झाला आणि खालचा अजून वाहतो आहे, की त्या पडतात. दुसरा खरखरीत, वीटभट्टीत जास्त भाजून निघालेल्या खंगरासारखा, हात टेकला तर रक्त काढणारा. सह्याद्रीतही या दोन्ही तऱ्हा आहेत, पण कोट्यवधी वर्षांच्या पावसाने झिजलेल्या. इथे मी ज्या दगडावर बसून पाणी प्याले तो माझ्याहून वयाने लहान असू शकत होता.

या मैदानात झाड नाही, खूण नाही, चारही बाजूंना सारखंच काळं. म्हणून दर काही पावलांवर दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका मारलेला आहे. सकाळी ते ठिपके मला अनावश्यक वाटले. दहाच्या सुमाराला ढग कड्यावरून आत लोटले, आणि दहा पावलांपलीकडचा भाचा दिसेना. हाक मारली तर आवाज कुठून येतो तेही उमगेना. मग मी एका ठिपक्यावर उभी राहायचे, तो पुढचा शोधायचा, ओरडायचा, मग मी पुढे. आजवर डोंगरात मी घाबरले ती फार थोड्या वेळा, त्यांतली ही एक. कुणीतरी हाती डबा आणि कुंचला घेऊन या सगळ्या मैदानातून वाकत वाकत गेलं असेल, आणि रंग उडाला की पुन्हा जात असेल, या विचाराने मला त्या न पाहिलेल्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

माथ्यावर दोलोमियचं विवर आहे, जवळपास एक किलोमीटर रुंद. एप्रिल २००७ च्या मोठ्या उद्रेकात पोटातला लाव्हा डोंगराच्या कुशीतून समुद्राकडे निघून गेला आणि विवराचा तळ तीनशे मीटरहून जास्त खाली कोसळला. त्यानंतर विवराच्या काठाने मनाला येईल तसं फिरणं बंद झालं. वाट नव्याने आखली गेली आणि आता ती एका ठरावीक जागेपर्यंतच जाते, कारण काठ कुठून तडकला आहे हे बघणाऱ्याला दिसत नाही. तिथे उभं राहिलं की विवर समोर येतं आणि तेवढं पुरतं. धुकं फाटलं ती दहाएक मिनिटं आम्हाला मिळाली. तळाशी एका फटीतून वाफ येत होती.

आता हे फाटक कोण लावतं ते सांगते, कारण माझा मुद्दा तोच आहे. १९७७ च्या एप्रिलमध्ये लाव्हा या मैदानाबाहेर फुटला आणि सेंत रोज गावाच्या बाजूला वस्तीत शिरला. माणसं आधी हलवली होती म्हणून वाचली, घरं गेली. तिथल्या चर्चच्या दारात येऊन लाव्हा दुभंगला आणि भिंतींच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. ते चर्च आजही उभं आहे, त्याला लाव्ह्याची माता असं नाव मिळालं. या उद्रेकाच्या वेळी बेटावर ज्वालामुखीवर नजर ठेवणारी स्वतःची यंत्रणा नव्हती. १९७९ मध्ये वेधशाळा स्थापन झाली. बूर म्युरा गावातल्या त्या वेधशाळेत डोंगराचे हादरे, त्याच्या अंगाचं फुगणं-आकसणं, वायू, सगळं रात्रंदिवस मोजलं जातं. तिथल्या शास्त्रज्ञांनी धोका सांगितला की सरकारचा प्रतिनिधी असलेला प्रिफेक्ट इशाऱ्याची पायरी जाहीर करतो आणि फाटक लागतं. उद्रेक संपला, वाट तपासली, ठिपके लाव्ह्याखाली गेले असतील तिथे नवे मारले, की फाटक उघडतं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला सर्वांत मोलाची वाटली. उद्रेक होतो तेव्हा बेटावरचे लोक तो बघायला निघतातच. आपल्याकडे धबधब्याला निघतात तसे, लेकराबाळांसकट. त्यांना नुसतं ‘येऊ नका’ असं म्हणून भागवत नाहीत. मैदानात उतरायला बंदी असते, पण कड्याच्या वरून, पितों द बेरच्या बाजूच्या वाटेने, सुरक्षित अंतरावरून रात्री लाव्हा बघता येतो, आणि गाड्या कुठे लावायच्या, कुठपर्यंत चालायचं हे लोकांना सांगितलेलं असतं. डोंगर बघण्याची ओढ हा गुन्हा मानलेला नाही.

फाटक असूनही अपघात होतात. एप्रिल २०२१ मध्ये उद्रेक चालू असताना, बंदी असताना, आत उतरलेले दोन तरुण विद्यार्थी थंडी-पावसात गेले. हे मी लपवणार नाही. कुठलाही आदेश प्रत्येकाला अडवू शकत नाही. पण जिथे वाट उघडी असते तेव्हा खरोखर उघडी असते, तिथे बंद या शब्दाला वजन राहतं. बहुतेक लोक तो पाळतात, कारण तो उगाच लावलेला नसतो हे त्यांनी अनुभवलेलं असतं.

आमच्याकडे हा शब्द हलका झाला आहे. जून-जुलैत कुठेतरी माणसं वाहून जातात, दऱ्यांत पडतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. मग आदेश निघतो. पूर्वी कलम १४४ होतं, आता नव्या संहितेचं १६३. एकाच कागदावर धबधबे, किल्ले, घाटवाटा, धरणं. त्यात ज्या वाटेने गावकरी रोज गुरं नेतात तीही येते आणि जी खरंच जीवघेणी आहे तीही. पोलीस दोन शनिवार-रविवार उभे राहतात. तिसऱ्या आठवड्यात कुणी नसतं. ज्याला नियम पाळायची सवय आहे तो घरी बसतो, आणि ज्याला नाही तो जातो, म्हणजे नेमका ज्याला अडवायला हवं तोच डोंगरात असतो. गावातल्या ज्या पोराने वाटाड्याचं काम केलं आणि ज्या बाईने पिठलं-भाकरीचं घर चालवलं, त्यांचा ऐन हंगाम जातो.

काही वर्षांपूर्वीच्या एका जुलैत जीवधनच्या तुटक्या पायऱ्यांवर साठ-सत्तर जणांचा जथा अडकला. त्यांना आणणाऱ्या आयोजकाने माणशी पैसे घेतले होते. दोर आणला नव्हता, वाटाड्या घेतला नव्हता. एका मुलाचा पाय मोडला. पायथ्याच्या वाडीतली माणसं बांबू आणि घोंगडी घेऊन वर गेली, झोळी केली आणि अंधार पडेपर्यंत त्याला उतरवलं. मीही होते, मी फक्त टॉर्च धरला. त्या माणसांचा पूर्ण दिवस गेला, लावणी खोळंबली, आणि पुढच्याच आठवड्यात बंदी आली ती त्यांच्याच वाटेवर. आयोजकाचं काय झालं ते मला माहीत आहे : त्याचा पुढच्या ट्रेकचा संदेश मला फोनवर आला. सप्टेंबर संपल्यावर वाट कधी उघडणार हे विचारायला मी एका कार्यालयात गेले. तिथल्या माणसाने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मनापासून सांगितलं, “बाई, बंद केल्याचा कागद आहे, उघडल्याचा कागद निघत नसतो.”

रेयुनियोंमध्ये हेलिकॉप्टरसह डोंगरातलं बचावपथक आहे, ते जान्दार्मरी या निमलष्करी पोलीस दलाचं. त्यांचं कामच ते. आपल्याकडे दरीत उतरतात ते नोकरी-धंदा सोडून आलेले हौशी गिर्यारोहक आणि गावातली माणसं. त्यांच्याविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो शब्दांत मावणार नाही. पण त्यांच्या जिवावर राज्याने किती वर्षं काढायची?

लोक मला सांगतात, तो फ्रान्सचा पैसा आहे, आपली बरोबरी कशाला. हेलिकॉप्टरला पैसा लागतो, मान्य. वेधशाळेला लागतो. पण फलकावर तारीख लिहायला किती लागतो? पांढऱ्या रंगाच्या डब्याला किती लागतो? आणि गर्दीचं म्हणाल, तर काव्हर्न द्युफूरला जागा भरल्या की भरल्या. हरिश्चंद्रगडावर किंवा कळसूबाईवर एका रात्रीत किती माणसं मावतील याचा आकडा आजवर ठरवला गेला असता, तर खालच्या गावांनीच तो पाळून दाखवला असता. पाचनई आणि बारीची माणसं हिशेबाला कच्ची नाहीत.

रेयुनियोंच्या सुळक्यांना आणि कड्यांना २०१० मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. जुलै २०२५ मध्ये आपल्या बारा किल्ल्यांना मिळाला, त्यांत माझी शिवनेरी आहे, राजगड आहे, साल्हेर आहे. पेढे वाटले, मीही वाटले. त्यांना मान मिळाला तेव्हा त्यांच्या वाटा बांधलेल्या होत्या. आपल्या आता बांधायच्या आहेत, आणि पुढचा पावसाळा थांबणार नाही.

म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. सरसकट बंदी घालू नका. जी वाट धोक्याची आहे तिचं नाव घ्या, कुठून कुठपर्यंत ते सांगा, कारण लिहा, आणि कोणत्या तारखेला पुन्हा बघणार ती तारीख लिहा. त्या तारखेला वनखात्याचा एक माणूस आणि गावातला एक जाणता माणूस वाटेवर पाठवा, गावातल्या माणसाला दिवसाची मजुरी द्या. वाट ठीक असेल तर उघडल्याचा कागद काढा. जिथे बंदी आहे तिथून लोकांना लांबून तरी काय बघता येईल ते दाखवा. आणि डोंगरात जाणाऱ्या तुम्हा-आम्हाला एवढंच : फलकावर तारीख आणि कारण असेल तर तिथून मागे फिरा, वेळ जास्त लागला तरी दुसऱ्या वाटेने जा.

आमच्या वाडीच्या वर, चढ सुरू होतो तिथे, प्रवेश बंद असा एक पत्रा आहे. तो कोणत्या पावसाळ्यात लावला हे आता गावातही कुणाला आठवत नाही. येत्या जूनच्या आत त्यावर तारीख यावी, किंवा तो काढून टाकावा.